घड्याळ नवरदेवाचं, मनगट मामाचं

शहाजी शेळी कशी घेतो हे एकदा सांगोल्याच्या बाजारात जाऊन बघण्यासारखं आहे. आधी तो शेळीकडे बघतच नाही. शेजारच्या शेळीकडे बघतो, मग आभाळाकडे, मग स्वतःच्या चपलेकडे. मग एकदम आठवल्यासारखं करून मालकाला विचारतो, "ही पण विकायचीय व्हय?" त्या 'पण'नेच मालक निम्मा खचतो. त्यानंतर शेळीचे दात, खुरं, कास, डोळे. आणि शेवटी रुमाल. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतो. त्या वेळी दोघांचे चेहरे असे असतात की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी मयतीला आलेत.

सौदा झाला की मात्र शहाजी विजेसारखा हलतो. शेळीच्या गळ्यातलं मालकाचं दावं सोडायचं, आपलं बांधायचं, आणि मग घर येईपर्यंत ते हातातून सोडायचं नाही. चहाच्या टपरीवरही शेळी त्याच्या शेजारी उभी असते.

"सर, पैसं दिल्यावर जनावर नजरंआड झालं की बदललंच समजा," तो मला नेहमी सांगतो.

मी कुठंही शिकवत नाही. मला चष्मा आहे, म्हणून शहाजी मला सर म्हणतो. विम्याच्या कचेरीत माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे मला जगात जिथं तिथं धोका दिसतो, आणि शहाजीला जिथं तिथं शेळी दिसते. जुळे सोलापुरात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं वाढलेला हा माणूस आज इथल्या अर्ध्या खानावळींना बोकड पुरवतो, पण अंगणातली एक शेळी मात्र त्याने कधी विकली नाही. ती ऋतुजाची आहे.

ऋतुजा ही त्याची भाची. धाकटी बहीण केराबाई मंद्रूपला दिली होती. तिचा नवरा लवकर गेला तेव्हा ऋतुजा शाळेत होती. शहाजी तिला सोलापूरला घेऊन आला, शिकवली, नर्स केली. स्वतःची दोन पोरं असून घरात काही चांगलंचुंगलं झालं की पहिली ताटली तिची. त्याची बायको सारजावहिनी म्हणायची, "आमी तिघं ह्या घरात पाव्हणं हाओत."

तर या ऋतुजाचं लग्न ठरलं. मुलगा अभिमन्यू, पुण्यात कंपनीत. वडील रावजी, मोडनिंबला हमरस्त्यावर पाइपांचं दुकान. सुपारी फोडायला मंद्रूपला सगळे जमले, तेव्हा रावजी म्हणाले, "आमाला काय नको. नारळ आन् पोरगी द्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात त्यांच्या शेजारून एक आवाज आला, "व्हय की. पर मामाचं घड्याळ तेवढं रीतीचं हाय. त्याला न्हाय कसं म्हनायचं?"

ही सोजरबाई. रावजींची थोरली बहीण, म्हणजे नवरदेवाची आत्या. त्या घरात पाइपचं दुकान रावजी चालवतात, बाकी सगळं सोजरबाई. तिच्या टोमण्यांविषयी आम्ही आधीच ऐकून होतो. अभिमन्यूच्या आईच्या रुखवतात एक पातेलं पोचा पडलेलं निघालं होतं. त्या बाईला सून यायची वेळ झाली, तरी सोजरबाईच्या तोंडी ती अजून 'पोच्याची'च आहे.

"देतो की," शहाजी म्हणाला. "असं घड्याळ देतो की पुण्यातल्या सायबानं इचारावं, कुटनं घेतलं."

मग कुणीतरी नवरदेवालाच विचारलं, कुठलं आवडतं? पोरगा लाजला, नको नको म्हणाला, आणि शेवटी एका परदेशी कंपनीचं नाव घेऊन बसला. बैठकीत कुणालाच ते कळलं नाही. त्यामुळे सगळ्यांना ते पटलं.

"कोरं पाहिजे बरं का मामा," सोजरबाई जाता जाता म्हणाली. "दुसऱ्याच्या अंगावरची वस्तू नवरदेवाला चढवत न्हाईत आमच्यात."

त्या रात्री शहाजीने मला फोनवर ते घड्याळ शोधायला लावलं. किंमत आली. शहाजीने फोन माझ्या हातातून घेऊन पुसला आणि परत दिला. किंमत तीच होती. एवढ्यात एक छोटा टेम्पो येतो आणि वर डिझेलही भरून मिळतं. पुण्याच्या दुकानाला फोन केला तर तिथला माणूस गोड आवाजात म्हणाला, पैसे असले तरी घड्याळ मिळणार नाही, नाव नोंदवून थांबावं लागेल. वर्ष, दीड वर्ष, सांगता येत नाही.

"पैसं घेऊन बी देत न्हाईत?" शहाजीला हे फारच लागलं. "असला कसला बाजार म्हनायचा?"

तेव्हा मीच त्याला म्हणालो, की अशी घड्याळं वापरलेलीही मिळतात. खात्रीचे व्यापारी असतात. थोडं स्वस्त, आणि लगेच. वापरलेलं द्यायचं तर सोजरबाईला कळता कामा नये. कळलं तर ऋतुजाला त्या घरात आयुष्यभर एक नाव चिकटेल. आणि दिलं नाही तर चारचौघांत दिलेला शब्द जाईल, नाव चिकटायचं ते चिकटेलच. पुढं आड, मागं विहीर, आणि मधे शहाजी.

"न्हाय कळायचं," शेवटी तो म्हणाला. "पॉलिश केलेली वस्तू आन् कोरी वस्तू, सांगोल्याच्या बाजारात बी कळत न्हाय कुनाला."

मी पंधरा दिवस अभ्यास केला. अशी खरेदी सुरक्षित कशी करावी यावर जे जे सापडलं ते वाचलं. मूळ डबा असावा. कंपनीचं कार्ड असावं. कार्डावरचा नंबर आणि घड्याळावरचा नंबर भिंगातून जुळवून बघावा. मागचं झाकण उघडून दाखवायला सांगावं. पैसे बँकेतून द्यावेत, पक्कं बिल घ्यावं, आणि रस्त्यावर, हॉटेलात, कुणाच्या गाडीत बसून सौदा करू नये. शहाजीला सगळं पटलं. फक्त केव्हा जायचं यावर तो हटून बसला.

"बाजार उठायच्या टायमाला भाव उतरतो, सर. लई घाई केली की समोरच्याला कळतंय आपली गरज."

मी म्हणालो, हे घड्याळ आहे, संध्याकाळ झाली म्हणून ते चारा मागणार नाही. पण त्याने ऐकलं नाही, आणि आम्ही पुण्याला निघालो तेव्हा लग्नाला मधला एक दिवस उरला होता.

दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. बाहेर पाटी नाही. घंटी वाजवली की एक काचेचं दार उघडायचं, आपण आत शिरायचं, ते दार मागं बंद व्हायचं, आणि मगच पुढचं दार उघडायचं. त्या दोन दारांच्या मधे मी आणि शहाजी एकमेकांना चिकटून उभे होतो. वरून कॅमेरा बघत होता.

"मेंढरास्नी औषधाच्या पाण्यात बुडवायला असंच घेत्यात," शहाजी पुटपुटला. "पुढचं फाटक उघडलं की डायरेक्ट डुबकी."

पुढचं फाटक उघडलं आणि थंडगार हवेत आमची डुबकी झाली. अपेक्षा नावाची एक हसतमुख मुलगी होती. तिने मखमलीच्या तबकात तीन घड्याळं मांडली. शहाजीने त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्याने आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग छत, मग चप्पल. मग तबकातल्या मधल्या घड्याळाकडे हनुवटी करून म्हणाला, "हे पण विकायचंय व्हय?"

"हो काका, सगळीच विकायची आहेत," ती म्हणाली. पहिल्यांदाच शहाजीचा 'पण' वाया गेलेला मी पाहिला.

भाव करायची वेळ आली तशी त्याने खिशातून रुमाल काढला आणि अडकला. समोर पोरीच्या जातीचा हात. रुमालाखाली धरायचा कसा? शेवटी त्याने रुमाल माझ्या हातावर टाकला, माझी बोटं दाबली आणि म्हणाला, "सर, तुमी सांगा तिला." मला ती भाषा कुठं येते? दाबलेल्या बोटांचं मी जमेल तसं भाषांतर केलं. ते ऐकून अपेक्षा अदबीने म्हणाली, "काका, एवढ्यात फक्त पट्टा येईल."

बाकी मात्र ती पोरगी सोन्यासारखी होती. माझी यादी मी खिशातून काढायच्या आत तिने सगळं समोर ठेवलं. डबा, कार्ड, भिंग. नंबर जुळले. घड्याळ एका यंत्रावर ठेवून त्याची टिकटिक ऐकवली. मागचं झाकण उघडून आतली चाकं दाखवली. शहाजीने चाकांचे दाते नीट निरखले आणि माझ्या कानात म्हणाला, "दात चांगलं हायत. कोवळं हाय अजून." पैसे बँकेतून गेले, पक्कं बिल आलं. सुरक्षित खरेदीचे सगळे नियम आम्ही पाळले होते. त्या नियमांत शहाजीविषयी मात्र कुणी काही लिहिलेलं नव्हतं.

"काका, पट्ट्याचा खटका थोडा झिजलाय," अपेक्षा म्हणाली. "आत आमच्या कारागिराकडे देते, पाच मिनिटांत बदलून देतो. आधीच्या मालकांचं मनगट बारीक होतं, दोन कड्याही वाढवून घ्या."

शहाजीचा चेहरा दगड झाला. "आत न्यायचं न्हाय."

"काका, कारागीर आतच बसतात."

"मग त्यास्नी भाईर बोलवा."

"त्यांची सगळी हत्यारं आत आहेत."

"सर, बघितलं?" शहाजी मला म्हणाला, अगदी हळू. "पैसं दिलं, आता जनावर आत न्यायला बघत्यात."

मी त्याला समजावलं. नंबर आहे, कार्ड आहे, बदललं तर कळेल. पण बापाच्या मांडीवर बसून शिकलेली गोष्ट चष्मेवाल्याच्या सांगण्याने सुटत नाही. त्याने तबकातलं घड्याळ उचललं, त्या पोलादी पट्ट्यातून आपला पंजा हिसका देऊन आत घातला, मनगट गुडघ्यावर टेकवलं, आणि दुसऱ्या हाताने खटका असा दाबला, जणू बोकडाची शिंगं धरून त्याला जमिनीवर लोळवतोय. कट् असा आवाज आला.

"हां," शहाजी म्हणाला. "आता दावं आपल्या हातात."

परतीच्या एसटीत तो खुशीत होता. टेंभुर्णीला गाडी थांबली, शहाजी हात धुवायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मी बघायला गेलो तर तो नळाखाली हात धरून उभा होता.

"निघंना," तो म्हणाला.

खटका आत दबून वाकडा बसला होता. उन्हाने आणि प्रवासाने मनगट फुगलेलं. पट्टा मांसात रुतला होता. मी दाबून बघितलं, त्याने दाबून बघितलं, नळावरच्या एका अनोळखी माणसाने कोणी न सांगता दाबून बघितलं. मग मी अपेक्षाला फोन लावला. ती म्हणाली, "घेऊन या, मिनिटाचं काम आहे. पण आम्ही आता बंद केलं, आणि उद्या सुट्टी. परवा या. तोपर्यंत प्लीज पक्कड लावू नका."

परवा लग्न होतं.

पुढं मोडनिंब आलं तेव्हा शहाजीने बाही खाली ओढली आणि खिडकीचा पडदा लावून घेतला. हमरस्त्यावर रावजींचं दुकान दिसतं. "बगू नका तिकडं," तो मला म्हणाला. जणू मी बघितलं की रावजींना घड्याळ दिसणार होतं.

दुसरा दिवस कसा गेला ते सारजावहिनीला विचारा. साबण झाला, गोडेतेल झालं, बर्फाच्या गाड्यावरून बर्फ आणून झाला. नवी पेठेत शंकरप्पा म्हणून घड्याळवाला आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावलं, नाव वाचलं, आणि खुर्ची एक वीत मागं सरकवली.

"अण्णा, ह्याला माझा हात लागला आन् काय झालं तर दुकान विकून भराय लागंल. बॅटरी संपली आसंल तर सांगा."

"ह्यात बॅटरी नाही," मी म्हणालो.

"मग तर मी बघितलंच न्हाय म्हना." आणि त्याने शेजारच्या दोन दुकानदारांना मात्र ते बघायला बोलावलं.

त्यातल्या एका सोनाराने "कापून देतो की" असं इतक्या उत्साहाने म्हटलं, की शहाजी हात छातीशी धरून चालायला लागला. घरी आल्यावर तो अंगणात ऋतुजाच्या शेळीजवळ बसला. मी शेजारी बसलो. मनगटावरचं घड्याळ मजेत चालत होतं. एक सेकंद मागं नाही, एक सेकंद पुढं नाही.

"सर, जाळीत मुंडकं घातलेलं कोकरू मागं वडतं, मागं वडतं, आन् जास्तच फसतं," तो म्हणाला. "उद्या डबा देतो नुसता. आत तराजूतलं छटाकाचं माप ठेवतो, वजन लागंल. साखरपुड्याला कोन उघडतंय?"

"सोजरबाई," मी म्हणालो.

त्याने शेळीपुढं पाला सरकवला.

लग्नाच्या दिवशी सकाळी सारजावहिनीने त्या हाताला पांढरं बँडेज गुंडाळलं, कोपरापर्यंत. कुणी विचारलं तर बोकडाने धडक मारली म्हणायचं ठरलं. कार्यालय विजापूर रोडला होतं. मोडनिंबची गाडी आली, अक्षता, हार, नारळ, आणि शहाजी सगळ्यांना डाव्या हाताने नमस्कार करत होता. "मामा, हाताला काय झालं?" "बोकड." "कुटला बोकड?" "काळा." माणूस खोटं बोलायला लागला की रंगही सांगावा लागतो.

शहाजीची सगळी योजना एकाच ठिकाणी कच्ची होती. ज्या पोरीपासून लपवायचं होतं तिला त्यानेच नर्स केलं होतं.

नवरीच्या खोलीत तो आशीर्वाद द्यायला गेला, मी दारात होतो. ऋतुजा हळदीच्या साडीत बसलेली. तिने मामाच्या तोंडाकडे बघितलंच नाही, थेट बँडेज बघितलं.

"हे कुणी बांधलं? बोटं निळी पडलीत, मामा. असं बांधतात?"

"ऱ्हाऊ दे गं. मुका मार हाय."

"बस इथं."

दवाखान्यात ज्या आवाजात ती पेशंटला बसवत असेल तोच तो आवाज. शहाजी बसला. केराबाई कोपऱ्यात नारळ मोजायचं सोडून बघायला लागली. ऋतुजाने एकेक वेढा सोडवला. शेवटचा वेढा निघाला आणि ट्यूबलाइटच्या उजेडात ते घड्याळ असं चमकलं की खोलीतल्या बायकांनी माना वळवल्या.

"हे त्यांचं?" ऋतुजाने विचारलं.

"तुज्या नवऱ्याचं," शहाजी म्हणाला. "माज्या हातात."

मग त्याने सगळं सांगितलं. नव्याची किंमत, पुणं, खटका, शंकरप्पा, छटाकाचं माप. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. "वापरलेलं हाय, पोरी. कोरं घ्याची ऐपत न्हाय मामाची. त्या आत्यास्नी कळलं तर तुला जलमभर ऐकवत्याल. बैठकीत कबूल करून बसलो, आन् आता ना देता येतंय, ना लपवता."

ऋतुजा त्याच्या मनगटावर अंगठा फिरवत होती, सूज किती आहे ते बघत. मग म्हणाली, "ऐकायचं मलाच हाय ना? मग आजच ऐकते. आज निदान तू शेजारी हायस."

आणि ती उठली. केराबाई म्हणाली, अगं, नवरीनं असं बाहेर जाऊ नये. पण ती मामाचा हात धरून, स्ट्रेचर ढकलावं तशी त्याला पुढं घालून, मधला हॉल ओलांडून वरपक्षाच्या खोलीत गेली. मी मागं. विम्याचा माणूस अशा वेळी मागंच असतो.

सोजरबाई गादीवर बसून पानाला चुना लावत होती. ऋतुजाने तिला वाकून नमस्कार केला आणि सरळ सांगितलं, "आत्या, घड्याळ आणलंय. कोरं नाही. दुसऱ्यानं वापरलेलं आहे. कोरं आम्हाला परवडणारं नव्हतं. आणि सध्या ते मामाच्या हातातून निघत नाहीये."

रावजींनी टोपी काढली आणि परत घातली. सोजरबाईने पान खाली ठेवलं, ऋतुजाकडे बघितलं, मग शहाजीकडे. तिचं तोंड उघडलं. ऋतुजाच्या पुढच्या सगळ्या दिवाळ्या, पंचम्या, बारशी त्या उघड्या तोंडात उभी होती. शहाजीने डोळे मिटले.

"निघत न्हाय म्हंजी?" सोजरबाई म्हणाली.

"म्हंजी निघत न्हाय," शहाजी डोळे न उघडता म्हणाला.

"हिकडं आना बगू." तिने त्याचा हात ओढून मांडीवर घेतला. "अगं बया. सूज केवढी आलीया. आन् ह्याच्यावर पट्टी कुनी गुंडाळली? डोकं हाय का न्हाय? रावजी, खोबऱ्याल आन. आन् पोरींनो, दोरा बगा जाड."

मला तेव्हा एक गोष्ट उमगली. माणसाला अपमान वाटून घ्यायलाही थोडी सवड लागते, आणि समोर कुणाचा तरी अडकलेला हात असला की ती सवड मिळत नाही. एका मिनिटात अख्खा वरपक्ष त्या हाताभोवती जमला. प्रत्येकाकडे उपाय होता. कुणी म्हणे हात वर धरा, कुणी म्हणे खाली सोडा. एका म्हातारीने फुंकर घातली. बांगडी काढायला घालतात तशी कुणीतरी प्लॅस्टिकची पिशवी घालून बघितली. रावजी गाडीतून पाइप आवळायचा पाना घेऊन आले, आणि शहाजीचा धीर सुटला.

"रावजी, हात माजा हाय. पाइप न्हाय."

"सैल करून लावतो की मामा, कळायचं बी न्हाय."

तेवढ्यात अर्धा फेटा बांधलेला अभिमन्यू धावत आला. पाना बघून त्याचा चेहराच उतरला. "आबा, पाना नको. आत्या, त्यांना बाजूला घ्या." तो मामापुढं गुडघ्यावर बसला, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्याच्याकडे इतक्या प्रेमाने बघायला लागला की फोटोग्राफरने गैरसमजाने फोटो काढला.

"मामा, हे कुठं मिळालं तुम्हाला?"

"वापरलेलं हाय रं," शहाजी म्हणाला. खाली बघूनच.

"आमच्या ऑफिसात सगळे वापरलेलंच घेतात. नवं मिळतच नाही." त्याने कानाशी धरून टिकटिक ऐकली. त्यासाठी शहाजीला कंबरेत वाकावं लागलं. "खटका वाकलाय फक्त. पुण्यात बारीक हत्यारानं निघेल. इथं कुणी हात लावू नका."

"आइकलं का सगळ्यांनी?" सोजरबाईने हुकूम दिला. "मामाला कुनी हात लावायचा न्हाय."

साखरपुड्याची वेळ झाली. घड्याळ नवरदेवाला बांधायचं, तर ते मामाच्या हातात. भटजी थांबले होते. शेवटी मामाला नवरदेवाच्या पाटाशेजारी दुसरा पाट टाकून बसवलं, आणि सोजरबाईने मामाच्या मनगटातल्या घड्याळाला हळदकुंकू लावलं. फोटोसाठी फोटोग्राफरने मामाला नवरदेवाच्या मागं असा बसवला, की फेटा अभिमन्यूचा आणि पुढं आलेला हात शहाजीचा. तो फोटो मी पाहिला आहे. गोऱ्यापान पोराला काळा, केसाळ, शिंगाच्या ओरखड्यांनी भरलेला एक हात फुटलेला आहे.

लग्न लागलं, जेवणं झाली. पाठवणीची वेळ आली तसा शहाजी मोकळा श्वास घेत मला म्हणाला, "सर, सुटलो. परवा मी पुन्याला जाऊन काढतो, आन् देतो पाठवून."

"पाठवून कसलं देताय?" मागून सोजरबाई म्हणाली. "कुंकू लागलंय त्याला. आमची वस्तू झाली ती. कुंकू लागलेली वस्तू मुलीकडं ऱ्हात न्हाय. आजच आमच्या घरी आली पाहिजे."

"मग मी?"

"मग तुमी बी चला."

शहाजी माझ्याकडे बघायला लागला. मी चष्मा पुसायला घेतला.

आता आमच्याकडे नवरीबरोबर पाठराखीण जाते हे तुम्हाला माहीत आहे. नव्या घरात पोरीला ओळखीचं माणूस असावं म्हणून करवली, बहीण, कुणीतरी बाई सोबत पाठवतात. केराबाईने आपल्या पुतणीला तयार ठेवलं होतं. पण गाडीत जागा एकच होती, आणि घड्याळ तर जायलाच हवं होतं. पुतणीची पिशवी खाली उतरवली गेली आणि शहाजीला मागच्या सीटवर, ऋतुजाशेजारी बसवलं. केराबाई रडायला आली, तिने आधी लेकीच्या गळ्यात हात टाकला, मग भावाच्या, आणि मग तिला हसू आलं ते आवरेना. सारजावहिनी काचेतून म्हणाली, "नीट ऱ्हावा तितं. सासरी उलट बोलू नगा."

मोडनिंबला त्याचं पाठराखणीचं सगळं रीतसर झालं. ओवाळलं, ओटी भरायला बायका खण घेऊन आल्या तेव्हा त्याने उपरण्यात नारळ घेतला. रात्रीच्या जेवणाला त्याला बायकांच्या पंगतीत बसवलं, कारण पाठराखीण तिथंच बसते. मग सगळ्या म्हणाल्या, नाव घ्या. सोडायला कुणी तयार नव्हतं, दार अडवून बसल्या. शेवटी शहाजीने घसा खाकरला आणि म्हणाला, "शेळीला पाला, मेंढीला कुरण, सारजाचं नाव घेतो, आलो तुमाला शरण." म्हणतात की ऋतुजा त्या घरात पहिल्यांदा मोठ्याने हसली ती तेव्हा.

पूजा झाल्यावर नवराबायको पुण्याला निघाले, शहाजी मधे बसून. घड्याळ पुण्यात निघालं. अभिमन्यू ते रोज वापरतो. शहाजीच्या मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता, तो पावसाळ्यापर्यंत टिकला.

टिकलं ते सोजरबाईचं बोलणंही. "आमच्या सुनंच्या पाठराखणीला मिशा हायत," हे तिने मोडनिंबपासून मोहोळपर्यंत सगळ्यांना ऐकवलं आहे. सण आला की तिचा फोन येतो. नवरी येतीया, पाठराखीण कवा येनार? आणि शहाजीला जावं लागतं. मागच्या महिन्यात बाजारचा दिवस होता, चांगल्या शेळ्या आल्या होत्या, आणि हा इस्त्रीचा सदरा घालून मोडनिंबच्या गाडीची वाट बघत उभा.

मी म्हणालो, "शहाजी, ती बाई तुला आयुष्यभर सोडायची नाही. टोमणा तो टोमणाच."

"व्हय सर, हाय की टोमणा," तो म्हणाला. "पर माज्या नावावर हाय. पोरीच्या न्हाय."

गाडी आली आणि तो चढला.